चार शेंगा

रंगूबाईच्या धाकट्या नणंदेचं लग्न झालं ते साल चौऱ्याहत्तर. मांडव उतरून आठच दिवस झाले होते. उंब्रजच्या घरात, सोप्यातल्या घोंगडीवर सयाजीनं तीन पानं उघडी मांडली: राजा, सत्ती, दुर्री. तिन्ही वेगळ्या रंगांची. ज्याच्या त्याच्या हातात दोन दोन झाकली पानं; मधली सगळ्यांची सामायिक, अजून दोन उघडायची होती. पलटणीत मेसवर वाढपी असताना साहेबलोकांचा हा खेळ तो बघून बघून शिकला होता. खेळायचा मात्र फक्त शेंगांवर.

आत चहा गाळत रंगूबाई ऐकत होती. सयाजीच्या मेलेल्या धाकट्या भावाची, गुंडाची बायको. थोरल्या दिरासमोर ती कधी बोलली नव्हती. सांगायचं ते जावेच्या, साळूबाईच्या तोंडून.

"हितं एकाला एक लागत न्हाई," सयाजी शेजारच्या नाथाजीला समजावत होता. "फुडच्या पानाची कुणालाच आस न्हाई. मग मोठं कशाला लावायचं? चार शेंगा सारायच्या, हळूच. हातात काय नसल्याला गडी आपसूक उठतोय."

"आन् आबा, तुमच्याच हातात काय नसलं तर?"

"म्हणून तर चारच, गड्या."

सोप्यात हशा पिकला.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला बसल्यावर सयाजीनं जमिनीचा विषय काढला. भाकरी मोडता मोडता, बायकोकडं बघत, हलक्या आवाजात. विहिरीकडचे दोन एकर गुंडानं मरायच्या आधी त्याला लिहून दिले होते. रंगूबाईनं सोमवारी तलाठ्याकडं अंगठा द्यावा. वर्षाचं धान्य आणि दोन लुगडी तिला जन्मभर मिळतील. घाई काही नाही.

रंगूबाईचा हात पिठातच थांबला. हातात काही नसलं की मोठं लावायचं नाही, हळूच सारायचं, हे तिनं कालच ऐकलं होतं. पदर पुढं ओढून ती चुलीपासून उठली आणि त्याच्या ताटासमोर येऊन उभी राहिली.

"कागद दाखवा."

साळूबाईची पळी कालवणातच राहिली. सयाजीनं मान वर केली. त्याचा उजवा हात कोपरीच्या खिशापर्यंत गेला, छाती खाजवल्यासारखा फिरला आणि खाली आला.

"न्हाई कागद," तो म्हणाला. ताटात हात धुऊन उठला.

जमीन तिची राहिली. त्याच आठवड्यात चुली वेगळ्या झाल्या. पाणवठ्यावर, गिरणीत, भेटेल त्याला ती सांगत राहिली, की मेलेल्या भावाच्या नावानं खोटं बोलणारा माणूस हा. माझा मालक सरळ, पत्त्याला कधी शिवला नाही. सयाजीच्या कानावर सगळं जात होतं. हळूहळू त्याच्या सोप्यातली माणसं तुटली. नाथाजीसुद्धा यायचा थांबला. सयाजी एकटाच पानं पिसत बसायचा.

चार वर्षांनी साळूबाई तिच्या दारात आली, कोऱ्या कपाळानं, आणि घडीचा कागद पुढं केला. रंगूबाईला वाचता येत नव्हतं, पण गुंडाची सही ती ओळखत होती.

"कराडात पत्त्यात हरला हुता गुंडा," साळूबाई म्हणाली. "ह्यांनी भरलं, तवा लिहून दिलं त्यानं."

"मग दाखवला का न्हाई?"

"त्या दिवशी खिशातच हुता. तिच्यापुढं भावाला उघडा पाडू व्हय, म्हनले."

रंगूबाईनं कागद होता तसा घडी घालून परत पुढं केला. साळूबाईनं घेतला नाही.

सयाजी अठ्ठ्याहत्तर सालच्या माघात मेला. उभ्या जन्मात रंगूबाई त्याच्याशी दोनच शब्द बोलली होती.