खळ लावलेली आफ्रिका

मित्रांनो, मी आफ्रिकेचा एक जुना नकाशा, आणि खरं सांगू का, आफ्रिका मी कधी पाहिलेलीच नाही. विलायतेत छापला गेलो, पाठीला कापड चिकटवलं, वर-खाली लाकडी दांडे बसवले आणि सोलापुरात विणकरांच्या वस्तीतल्या शाळेत टांगला गेलो. गुलाबी रंग इंग्रजांचा, जांभळा फ्रेंचांचा, हिरवा पोर्तुगीजांचा. तेव्हा माझं भारी कौतुक व्हायचं. पुढे छड्या टोचून टोचून काँगोपाशी भोक पडलं, कडा फाटल्या आणि माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघेना.

सातवीतली जुलेखा मात्र बघायची. तिच्या घरी हातमाग होता. १९७५ साली दिवाळीच्या सुट्टीनंतर हेमावतीबाईंनी वर्गात सांगितलं, की पोर्तुगीज अंगोला सोडून गेले. जुलेखा उठून माझ्याजवळ आली आणि अंगोलाच्या खालच्या रेघेवर बोट ठेवून म्हणाली, "बाई, ही रेघ एवढी सरळ कशी? कुंभारीला माझ्या मामूचं शेत हाय, त्याचा बांध बी इतका सरळ न्हाय."

मीही कान टवकारले. इतकी वर्षं त्या रेघा अंगावर वागवल्या, पण त्या कुणी ओढल्या हे मला तरी कुठं ठाऊक होतं!

बाई म्हणाल्या, "नव्वद वर्षांपूर्वी युरोपातल्या देशांचे लोक बर्लिनला जमले. आफ्रिका आपसांत कशी वाटून घ्यायची, याचे नियम त्यांनी ठरवले. मग पुढच्या काही वर्षांत कागदावर पट्टी ठेवून रेघा ओढल्या. एकाच जमातीची माणसं दोन देशांत गेली."

"आन् तिथली माणसं काय म्हणाली?"

"त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं."

"घर त्यांचं, आन् वाटणी दुसऱ्यांनी केली व्हय?" जुलेखा म्हणाली. मला तर फार वाईट वाटलं.

तेवढ्यात मुख्याध्यापक शिवलिंगप्पा सर आले. "बाई, सोमवारी रद्दीवाला येणार हाय. हा नकाशा देऊन टाका. निम्मी नावं बदलली की. नवा मागवलाय."

म्हणजे माझी रवानगी थेट रद्दीत! जुलेखानं विचारलं, "सर, नव्या नकाशात कुणी काय घेतलं व्हतं ते दिसंल का?"

"ते कशाला दिसायला पाहिजे? देश दिसले की झालं," म्हणत सर निघून गेले.

शनिवारी शाळा सुटल्यावर बाई आणि जुलेखानं मला खाली उतरवलं. नावं दुरुस्त केली तर सरांचं मन वळेल, अशी दोघींना आशा होती. बाईंनी पांढऱ्या चिठ्ठ्यांवर नवी नावं लिहिली. जुलेखानं त्या फक्त वरच्या कडेला चिकटवल्या, म्हणजे उचलली की खालचं जुनं नाव दिसावं. डिंकाऐवजी तिनं घरची पिठाची खळ आणली होती. सुताला ही खळ लावली की धागा मागावर तुटत नाही. फाटक्या नकाशालाही तोच उपाय, असं म्हणत तिनं माझ्या पाठीला भरपूर खळ चोपडली आणि मला उन्हात वाळत घातलं.

सोमवारी सर आले. चिठ्ठ्यांकडे न बघताच त्यांनी खालचा दांडा धरून मला गुंडाळायला घेतलं. पण मी वाकलोच नाही. नुसता कडकड वाजलो.

"ह्याचा पापड झालाय की," सर चक्रावून म्हणाले.

जुलेखानं मान खाली घातली. "खळ लावली, सर. जरा जास्त झाली."

सरांनी पुन्हा जोर केला, तशी घानाची चिठ्ठी वर उचलली गेली. खाली गुलाबी रंगात जुनं नाव होतं. "गोल्ड कोस्ट," सर हळूच वाचून म्हणाले. "सोन्याचा किनारा. हे माणसांचं नाव न्हाय. मालाचं नाव हाय." मग त्यांनी शेजारची चिठ्ठी उचलली, मग तिच्या पलीकडची. तासाची घंटा झाली तरी ते वाचतच होते. शेवटी म्हणाले, "रद्दीवाल्याला सांगा, आज काही न्हाय." माझा जीव भांड्यात पडला.

आता नवा नकाशा शेजारीच असतो, पण मुलं आधी माझ्याकडे येतात. मित्रांनो, तुम्हीही या. चिठ्ठी जरूर उचला, पण नखानं ओरबाडू नका, आणि सरळ रेघ दिसली की ती कुणी ओढली ते विचारा. ऱ्होडेशियावर अजून चिठ्ठी नाही; तिथं अजून गोऱ्यांचंच राज्य आहे, ते गेलं की नवं नाव चिकटवायचंय. जुलेखानं बाईंना बजावून ठेवलंय, "त्या दिवशी खळ मीच आणणार. ह्या खेपेला पातळ."