एका दुपारचं काम

समाधानने बंद पडलेलं वॉशिंग मशीन आडवं पाडलं, मागचा पत्रा काढला आणि कोपरापर्यंत हात घालून आतली मोटर उपसली. सहा वर्षं हे धूड त्याच्या सिडकोतल्या फ्लॅटच्या गॅलरीत तुळशीची कुंडी डोक्यावर घेऊन उभं होतं. त्याची बायको तृप्ती दर दिवाळीला म्हणायची, भंगारात देऊन टाका. हा म्हणायचा, राहू दे, मोटर चांगली आहे, कशाला तरी उपयोगी येईल. आज जेवण उरकून त्याने मशीन रिक्षात टाकलं आणि पेठ रोडला आईच्या घरी आणलं.

घराला लागून पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये वडिलांचा लाकडाचा लेथ. चिमाजी कातारी त्यावर लाटणी, रव्या, पाळण्याचे खांब कातायचे. लेथ हाताने चालायचा. एका अंगाला बैलगाडीच्या चाकाएवढं लाकडी चाक, त्याला मूठ, आणि चाकावरून लेथपर्यंत आलेला पट्टा. एकाने चाक फिरवायचं, दुसऱ्याने फिरत्या लाकडाला पटाशी लावायची. शाळेत असेपर्यंत चाक समाधानने फिरवलं, तेही तोंड वाकडं करून. पुढे आयटीआय करून तो अंबडच्या कंपनीत फिटर म्हणून लागला आणि चाक आईच्या हातात गेलं. नवसाबाईने ते चोवीस वर्षं फिरवलं.

उद्या चिमाजींचं वर्षश्राद्ध होतं. त्याआधी लेथ मोटरीवर फिरता करायचा आणि उद्या येणाऱ्या भाऊबंदांनाही दाखवायचा, असं समाधानच्या मनाने घेतलं होतं. कारण वडिलांनी उभ्या जन्मात त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली होती, आणि ती त्याने दिली नव्हती.

"समाधान, याला एक मोटर बसवून दे रे. तुझ्या आईचा खांदा धरायला लागलाय."

तेव्हा त्याला नोकरीत सातआठ वर्षं झाली होती. त्याने लेथभोवती एक चक्कर मारली आणि साहेबासारखा निकाल दिला.

"आबा, असलं जुगाड नाही चालत. शाफ्ट ज्यात फिरतो ते बुश लाकडाचे, म्हणून तो थरथरतो. मोटरीचा वेग याला झेपणार नाही, लाकूड उडून तोंडावर येईल. करायचं तर नीट करू. बोनस होऊ दे."

बोनस झाले आणि गेले. खोटं बोलला नव्हता बिचारा. कंपनीत केसाएवढा फरक पडला तरी माल बाजूला काढणारा माणूस, त्याला त्या खडखडणाऱ्या सांगाड्याला हात लावायचं जिवावर यायचं. थोडी लाजही वाटायची, ती त्याने कुणाला सांगितली नाही. आबांनी पुन्हा विषय काढला नाही, आणि न काढलेला विषय विसरायला कितीसा वेळ लागतो.

यंदा कंपनीने ओव्हरटाइम बंद केला, तेव्हा नवा शाफ्ट आणि बेअरिंगं विसराच. मग समाधानने आयुष्यात पहिल्यांदा जुगाड केलं. सागाच्या फळीवर मोटर बसवली, खाली जुन्या टायरचा तुकडा घातला. बुशांत ग्रीस भरलं. वेग कमी राहावा म्हणून मोटरीला लहान पुली आणि लेथला मोठी. पुल्या आणि पट्टा काय ते विकत आणलं. मोठं चाक सोडवून भिंतीला टेकवून ठेवलं आणि बटण दाबलं.

लेथ फिरला. कुरकुर नाही, थरथर नाही, शहाण्या बैलासारखा फिरत राहिला. समाधानने बाभळीचा तुकडा लावून पटाशी टेकवली, तशी लांबच लांब साल निघून त्याच्या चपलेवर पडली. त्याने आनंदाने आईला हाक मारली.

नवसाबाई डाव्या हाताने पदर सावरत आली. उजवा हात आता खांद्याच्या वर जात नव्हता, वेणीसुद्धा शेजारीण घालून द्यायची. दारातच उभी राहून तिने लेथकडे बघितलं.

"मोटर कुठली रे ही?"

"आपलीच. गॅलरीतल्या मशीनची."

"तुळस होती ते? ते तर लय वर्सं पडून हाय."

"हो ना."

"आन् कवा बसवलीस? तू तर आत्ता जेवून आलास."

"एक दुपार लागली फक्त," समाधान हसत म्हणाला. आपण काय बोललो ते त्याला बोलून झाल्यावर कळलं.

त्याने लेथ बंद केला. दर महिन्याला तो या घरी आला होता, आईच्या हातचं जेवून पंख्याखाली झोपला होता, आणि शेडमधून चाकाचा आवाज येत असायचा. त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की मान वर होईना.

नवसाबाई खाली ओट्यावर टेकली.

"एक मिस्तरी आला होता मागं. पंप दुरुस्तीवाला. म्हने, आबा, मोटर बसवून देतो. ह्यांनी चहा पाजून लावून दिला त्याला."

"का?"

"म्हनले, माझा पोरगा कंपनीत हाय. तो म्हनतो झेपायचं नाय, म्हंजी नाय झेपायचं. त्याच्यापरीस तुला जास्त कळतं का?"

"आई, मला तेव्हा खरंच वाटलं होतं की..."

"ठावं हाय मला."

तिच्या आवाजात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती उठली, लेथवरचा भुसा डाव्या हाताने झटकला आणि भिंतीशी टेकवलेल्या चाकाकडे गेली.

"मोटर काढ ही. चाक होतं तसं लावून ठेव."

"का गं? उद्या सगळे येतील, त्यांना दाखवू की."

"म्हनूनच म्हनते. समद्या भाऊबंदांना सांगून ठेवलंय ह्यांनी, समाधान म्हनतो याला मोटर बसत नाय."

 समाधानने खाली वाकून पाना उचलला.