मडमचा रेडिएटर

दारव्ह्याच्या रहेमान मिस्त्रीला कंपनीनं केलेलं काम कधी पुरेसं वाटलंच नाही. जीपचा गिअरबॉक्स टेम्पोला, टेम्पोचा डायनामो ट्रॅक्टरला आणि ट्रॅक्टरची सीट स्वतःच्या बुडाखाली, असा त्याचा कारभार. शिवाय त्याच्या गॅरेजात काढलेला पुर्जा कधी रात्र काढत नसे. सकाळी एका गाडीतून निघाला की संध्याकाळी दुसरीत धावायला लागलेला असायचा. सगळा तालुका त्याला मानत होता, आणि हे त्यालाही चांगलं ठाऊक होतं.

मग त्याच्या पोरीनं, अतियानं, मडम आणली आणि म्हाताऱ्याची पंचाईत झाली.

मडम म्हणजे चौसष्ट सालची लाल विलायती गाडी. दोनच सीटा, वर टप नाही, आणि नाक असं लांब की बाकीची गाडी मागून येतेय असं वाटावं. मारेगावच्या वामनरावांच्या जिनिंगमध्ये सरकीच्या पोत्यांमागे ती वर्षानुवर्षं पडून होती. अतिया तिथं इंजिन दुरुस्त करायला गेली आणि हिच्यावर जीव लावून बसली. वामनराव शौकीन माणूस. त्यांनी एकच अट घातली.

"जुन्या गाड्यायच्या रॅलीत हिले पास करून दाखव, यवतमाळहून पुसदले नेऊन दाखव. गाडी तुई. नाही जमलं, तर माई मले वापस."

पण त्या रॅलीचे नियम म्हणजे बाप रे बाप! पट्टे लावा, आग विझवायची टाकी लावा, गाडी उलटली तर डोकं वाचावं म्हणून लोखंडी पिंजरा लावा, तेवढं चालेल. बाकी गाडी तिच्या सालात जशी होती तशीच पाहिजे. नव्या जमान्याचं काही घुसवायचं नाही. म्हणजे सुधारायचं नाही! रहेमान मिस्त्रीला सुधारू नको म्हणणं म्हणजे म्हशीला डबक्यात बसू नको म्हणणं.

तरी दोन वर्षं बापलेकीनं काम केलं. कार्बोरेटर नागपूरच्या भंगारातून शोधले, मागच्या स्प्रिंगचे पाटे फुलसावंगीच्या लोहाराकडून तापवून घेतले. रहेमाननं "बेटा, याच्यापेक्षा आपन..." म्हणायचा अवकाश, की अतिया म्हणायची, "अब्बा, हात खिशात." बिचारा हात खिशात घालायचा.

गाडी तयार झाली, रंगली, पळाली. फक्त चढावर तापायची. टेकडीवर नेली की काट्यानं लाल रेघ गाठलीच म्हणून समजा. पुसदच्या अलीकडे तर अख्खा घाट होता. अतिया म्हणाली, मी हळू चढवते, निभेल. रहेमानला रोज डोळ्यांसमोर दिसायचं, मडम घाटात वाफा सोडत उभी आहे आणि वामनरावांची माणसं तिला दोर बांधून नेतायत. पोरीचं तोंड पाहवलं नसतं त्याच्यानं.

तपासणीच्या आदल्या दिवशी अतिया रस्ता पाहायला गेली. सोबत तिची मैत्रीण जया राठोड, रॅलीत शेजारी बसून वेळ मोजणारी, बोरी अरबजवळच्या तांड्यावरची. पोरी गेल्या आणि रहेमानचे हात खिशातून बाहेर आले. मडमचा पितळी रेडिएटर काढून त्यानं नव्या गाडीचा चांगला रुंद ॲल्युमिनियमचा बसवला आणि वरून काळा रंग मारला. जुना ठेवायचा कशाला? जयाची आई मोतीबाई तांड्यावर पिठाची चक्की चालवायची आणि तिच्या डिझेल इंजिनाचा रेडिएटर महिनाभर गळत होता. संध्याकाळपर्यंत मडमचा रेडिएटर चक्कीला लागला होता. पोरी रात्री उशिरा परतल्या, बॉनेट कुणी उघडलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी यवतमाळच्या मैदानात पुण्याहून आलेल्या तपासनीस साहेबांनी बॉनेट उचललं. वाकून पाहिलं, नखानं रंग खरवडला.

"काम सुरेख आहे. पण हा रेडिएटर या गाडीचा नाही."

रहेमान पुढं झाला. "साहेब, याच्यानं गाडी लय थंड राह्यते!"

"म्हणूनच चालणार नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "मूळचा आहे का? संध्याकाळी पाचपर्यंत बसवून आणा, मी थांबतो."

अतियानं बापाकडं पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पान्हा घेतला आणि नट सोडायला लागली. रहेमानला वाटलं, जमीन फाटावी आणि आपण पान्ह्यासकट आत जावं.

"मूळचा कुठी हाय, चाचा?" जयानं विचारलं.

"तुया मायच्या चक्कीवर."

"या अल्लाह," अतिया एवढंच म्हणाली.

जयानं स्कूटर काढली. मागं रहेमान, त्याच्या मांडीवर तो मोठा रेडिएटर. तांड्यावर पोचले तर चक्की धडधडत होती आणि बाहेर लग्नघरची ज्वारी रांगेत उभी होती. जया उतरताच आईला ओरडली, "याडी, इंजिन बंद कर!"

"बंद? लग्न हाय उद्या! पाव्हन्यायले काय चारतीन थे, तुया रॅलीचा धूर?" मोतीबाईनं ऐकून घेतलं आणि मग रहेमानवर उलटली. "मिस्त्रीभाऊ, कालच म्हने मले, येक नंबर माल हाय. आन आज काढाले आले! पोरीच्या गाडीचा व्हय थो? काहून नाही सांगतलं मले? म्या हात तरी लावू देल्ला असता का?"

पण बोलता बोलता तिनं इंजिन बंद केलं होतं.

रेडिएटर सोडवून रहेमाननं पाणी ओतून टाकलं, आणि तिथंच थांबला. पाणी धारेनं पडायला हवं होतं, ते थेंबथेंब गळत होतं. दोन वर्षांत त्यानं मडमचा नट अन् नट उघडला होता, हा मात्र उघडला नव्हता. तापते ना, मग मोठा बसव, इथंच त्याची अक्कल थांबली होती. त्यानं शेगडी मागितली, कथलाचा डाग वितळवून वरची टाकी उचलली. नळ्यांत खाऱ्या पाण्याची खपली अशी बसली होती की मुंगीला वाट मिळू नये.

"लहान नव्हता रे," तो स्वतःलाच म्हणाला, "तुंबलेला होता!"

मग तो मोतीबाईकडं वळला. "बाई, छत्री हाय का?"

"आता उनाची छत्री कायले?"

त्यानं छत्रीच्या काड्या उपटल्या तेव्हा मोतीबाईच्या तोंडून जे निघालं ते इथं सांगण्यासारखं नाही. पण मग तीही काडी घेऊन बसली. एकेका नळीत काडी घालायची, हलक्या हातानं खालवर करायची, पाणी मारायचं. काम शिकवणारे उस्ताद जिवंत असताना रहेमाननं असं काम केलं होतं. नवे रेडिएटर मिळायला लागले आणि ते सुटलं. बोटं अजून विसरली नव्हती. नळ्या मोकळ्या झाल्या, टाकीला पुन्हा कथलाचा डाग दिला, आणि मोठा रेडिएटर चक्कीला ठोकला. चक्की अशी सुटली की लग्नघरचे टाळ्या वाजवायला लागले.

मैदानावर अतियानं रेडिएटर हातात घेतला, बादलीभर पाणी वरून ओतलं. खालून तेवढंच भसाभसा बाहेर आलं. तिनं परत ओतलं. मग बापाच्या काळ्या, भाजलेल्या बोटांकडं पाहिलं.

"अब्बा, मी बी नाही उघडला याले. तुमच्यासारखीच निंघाली ना मी."

"माईच पोट्टी हायेस," रहेमान म्हणाला आणि तोंड फिरवून नाक पुसलं.

पाचच्या आत साहेबांनी काचेवर पासचा कागद चिकटवला.

सकाळी रॅली सुटली. रहेमान आणि मोतीबाई आधीच घाटाच्या माथ्यावर जाऊन बसले, पाण्याचे कॅन घेऊन. ऊन चढलं. पहिली गाडी आली ती वाफा सोडत, माथ्यावर येऊन बसलीच. रहेमाननं कॅन उचलून त्या गाडीला पाणी दिलं, पण कान घाटाकडंच. दुसरी आली, गेली. तिसरी आली. मडम कुठंय? मोतीबाई तुळजाभवानीला बोलावत होती, रहेमान दरूद पढत होता.

आणि मग त्याला आवाज आला. सुरात, एकसारखा, कुठं अडखळ नाही. वळणावरून लाल नाक निघालं. अतिया थांबली नाही, वेगही कमी केला नाही. जया सीटवरून अर्धी उठून ओरडली, "चाचा! काटा मधात हाय! मधात!"

"मधात!" रहेमान रस्त्याच्या मधोमध नाचायला लागला. मोतीबाईनं घागऱ्याचा घेर धरून गिरकी घेतली. मागून येणाऱ्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला तेव्हा कुठं दोघं बाजूला झाले.

पुसदला मडम तिच्या वर्गात पहिली आली. साहेबांनी पहिल्या आलेल्या गाडीचं बॉनेट पुन्हा उघडलं, पितळी रेडिएटरवर बोट ठेवलं, मान हलवली आणि अतियाचा हात हातात घेतला. लोकांनी दोघी पोरींना खांद्यावर घेतलं. रहेमान भर चौकात लहान पोरासारखा रडला आणि त्याची त्याला काही लाज वाटली नाही.

गर्दीतून वामनराव आले, अतियाच्या तळहातावर किल्ली ठेवली. "गाडी तुई, बेटा." मग रहेमानच्या पाठीवर थाप मारून हसले. "मिस्त्री, आता ना रॅली, ना नियम. घाला तुमचा मोठा रेडिएटर, करा काय सुधारायचं ते."

रहेमाननं झटक्यात बॉनेट लावलं आणि त्यावर हात ठेवून उभा राहिला.

"हात लावून दाखवा कोनी," तो गरजला, "तंगडी तोडतो त्याची!"