पितृपक्षातली मस्टँग

माझे बाबा, श्रीनिवास, एका बँकेत जोखीम सांभाळायचे. म्हणजे इतरांनी काय काय करू नये ते सांगायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. घरी हेच काम ते फुकट करत. अशा माणसाने २०१६च्या ऑगस्टमध्ये मेलबर्नहून जुनी लाल मस्टँग मागवली, तेव्हा डोक्यावर परिणाम केमोचाच झाला असणार, असं आम्हाला वाटलं. फक्त केमो आईची चालू होती.

गाडीचं बॉनेट इतकं लांब, की पुढचे दिवे सिग्नलला पोचले तरी बाबा मागच्या चौकातच. किल्ली फिरवली की इंजिन आधी खाकरायचं, मग सेरंगूनच्या आमच्या कार पार्कमधल्या शहाण्या, मुक्या गाड्यांचे अलार्म एकेक करून रडायला लागायचे. ढोलपथकासमोर उभं राहिल्यावर छातीत होतं, तसं व्हायचं. तेवढा वेळ मला विनोद सुचायचा नाही.

लग्नाआधी पुण्यात उधारीच्या स्कूटरवरून फिरवताना बाबांनी आईला सांगितलं होतं, “सुलेखा, एक दिवस तुला मस्टँगमधून नेईन.” आईने तेव्हा विचारलं होतं, “म्हणजे घोडा ना?” तरीही लग्न झालं.

आता घोडा दारात होता. पण क्लासिक म्हणून नोंदलेली गाडी या देशात वर्षातले मोजकेच दिवस रस्त्यावर काढता येते; दिवस ठरवून तसा परवाना फोनवरून घ्यावा लागतो. मोजके दिवस म्हटल्यावर आमची माणसं काय करतात? चांगले दिवस शोधतात. एक्सेलशिवाय कशावरही विश्वास न ठेवणाऱ्या बाबांनी फोनवर पंचांग उतरवून घेतलं. आईला घेऊन पहिली फेरी दसऱ्याला, असं ठरवून त्या दिवसाचा परवानाही काढला.

सप्टेंबरात डॉक्टरांनी आईला घरी न्यायला सांगितलं. ते फार प्रेमाने बोलले, त्यावरून आम्ही समजलो.

एका रविवारी दुपारी आई आपणहून उठली. लिपस्टिक लावली, गॉगल घातला आणि सोफ्यावर येऊन बसली.

“अहो, चला. आज बरं वाटतंय. चांगीच्या समुद्रापर्यंत न्या, काचा खाली करून. माझे केस उडणार नाहीत, पण तुमचे तरी कुठे उरलेत!”

बाबा आनंदाने उठले. मग त्यांनी फोन पाहिला.

“अगं, पितृपक्ष चालू आहे.”

“मग?”

“पहिली फेरी आहे. तुला घेऊन. उगाच कशाला...”

“माझ्या पितरांचं मी बघते. आमचे आजोबा तर ट्रकवाल्यांना हात करून फिरायचे. खूश होतील.”

“दसऱ्याला जाऊ ना. हार घालू, लिंबं ठेवू चाकाखाली. सगळं नीट करू. अगदी थोडे दिवस राहिलेत.”

शेवटचं वाक्य बोलून झाल्यावर ते आम्हा तिघांनाही ऐकू आलं.

“वरुण,” आई मला म्हणाली, “तुझे बाबा देवाशीसुद्धा रिस्क मॅनेजमेंट करतात रे.” मग तिने गॉगल काढला. “बरं. दसऱ्याला.”

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी आई गेली.

बाबांनी पंचांग पाहून निवडलेल्या दसऱ्यालाच तिचा तेरावा आला. घरी माणसं जेवत होती, मराठी मंडळातल्या सरोजिनीकाकू मला तिसऱ्यांदा खीर वाढत होत्या. बाबा दिसेनात म्हणून मी खाली गेलो. ते गाडीत बसले होते. डावीकडच्या, आईच्या सीटवर. किल्ली त्यांनी माझ्यापुढे धरली.

“आजचा परवाना आहे,” ते म्हणाले. “तू चालव.”

मी चालवली. हायवेवर चौथा गिअर टाकला आणि आवाज असा उघडला, की त्या एका आवाजासाठी माणूस पुण्याच्या स्कूटरपासून इथवर का येतो, ते मला कळलं. बाबांनी काच खाली केली. वारा त्यांच्या टकलावरून गेला. ते रडत होते की वाऱ्यामुळे डोळ्यांत पाणी येत होतं, हे मी पाहिलं नाही. मी फक्त वेग वाढवला. आयुष्यात पहिल्यांदाच ते त्यावर काही बोलले नाहीत.

चांगीच्या अलीकडे सिग्नल लागला. डावीकडे टॅक्सी येऊन थांबली. म्हातारा चिनी ड्रायव्हर पार खिडकीबाहेर आला.

“वा, सो नाइस, अंकल! गोइंग व्हेअर?”

बाबांनी डोळे पुसले आणि इथल्याच इंग्रजीत सांगितलं.

“माय वाइफ. टेकिंग हर फॉर अ ड्राइव्ह, लाह.”

ड्रायव्हरने वाकून गाडीत पाहिलं. मागची सीट रिकामी होती. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या दाढीकडे पाहिलं, आणि क्षणभर विचार केला.

“गुड, गुड,” तो म्हणाला. “गो स्लोली, अंकल. एन्जॉय.”

सिग्नल हिरवा झाला. माझा पाय क्लचवरून उठेना. मागे हॉर्न वाजायला लागले.

“थांब जरा,” बाबा म्हणाले. “वाजवू दे त्यांना.”