उरलेलं रोप

वैशाखरे गावाच्या वरच्या वाडीत लहानीने चार बायकांना हाताशी धरून मोहाची रोपं वाढवली होती. हातभर झाली तशी ती दर घराला सारखी वाटून द्यायची ठरली. वाडीत तेव्हा आठच घरं उघडी होती. बाकीची माणसं वीटभट्टीवर. बायकांनी पिशव्यांच्या आठ रांगा लावल्या. रांगा अगदी सारख्या झाल्या आणि एक रोप उरलं.

रोपं न्यायच्या आधीच कोंडूचं बिऱ्हाड भट्टीवरून परतलं. त्याला नाही कसं म्हणणार? सगळी पुन्हा गोळा करून नऊ रांगा लावल्या. एकच उरलं. मग राघोचंही घर उघडलं. दहा रांगा झाल्या, तरी एक उरलंच.

"याला कुणाच्या घरी जायचं नाय," लहानी हळूच म्हणाली.

तिची सून पूजा मुरबाडच्या कॉलेजात गणित शिकत होती. "आई, एकदा सगळी मोजूया," ती म्हणाली.

दोघींनी मोजली. दोन हजार पाचशे एकवीस. पूजा खडू घेऊन ओट्यावर बसली. दोनाने भागलं, एक उरला. तिनाने, चाराने, थेट दहापर्यंत, दर वेळी एकच. अकराने दोन उरले, तेराने बारा. पन्नासाशी ती थांबली.

"ही मूळसंख्या आहे, आई. एकच लांब रांग लावा, नायतर एकेक रोप सुटं ठेवा. दुसरी सारखी वाटणी नाय."

"पन्नासाच्या पुढं नाय बघायचं?"

"पन्नासाच्या वर रांगा केल्या तर एकेकीत पन्नासाहून कमी रोपं येणार. ते बघून झालंय की."

"आन् हे एक काढलं तर?"

"मग दोन घरं असोत नायतर दहा, सगळ्यांना सारखं."

लहानीने उरलेलं रोप उचललं. "म्हणजे हेच आडवं येतं."

"हेच असं नाय. कुठलंही काढा."

लहानीने ते ठेवलं आणि रांगेच्या मधलं दुसरं उचललं. मग तिसरं. सगळ्यांना तिने सारखंच पाणी घातलं होतं.

"असे आकडे आणखी हायेत?"

"संपतच नायत. कितीही मोठा घ्या, त्याच्या पुढं आणखी एक असतोच."

"कुणी जाऊन बघितलं?"

"बघायला लागत नाय. सिद्ध केलेलं आहे."

लहानीने माळशेजच्या डोंगराकडे बघितलं. न संपणारी वस्तू तिने आजवर पाहिली नव्हती.

सकाळी दहा घरांनी आपापली रोपं नेली. हाताला आलेलं एक लहानीने विहिरीपाशी लावलं. माती दाबता दाबता तिने विचारलं, "त्या आकड्याच्या पुढचा तसला कुठला गो?"

"भागून बघायला लागेल."

"मग आण खडू. मी बसते तुझ्यासंगं."