नवारीने बांधलेली स्प्रिंग

मित्रांनो, जिन्याखाली गंजत पडलेली ही मी, एका जुन्या मोटारीची स्प्रिंग. पोलादाची जाड कांब लालबुंद तापवून मला वेटोळे दिले, तेव्हा माझा ताठा काही विचारू नका. पुढच्या चाकावर मी मोटार तोलली. खड्डे मी गिळायचे, आतली माणसे झोपायची. माझे नाव निघाले ते मी मोडल्यावरच.

खालचे वेटोळे तुटले आणि मोटार एका अंगाला झुकली. शेजारीण म्हणाली, "गाडीला लकवा झाला की काय?" मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

घरधनी खाटा विणायचे. त्यांच्या थोरल्या लेकीने नवी स्प्रिंग आणली, जॅक लावून चाक काढले आणि धक्के शोषणाऱ्या शॉकअपसकट मला अंगणात आडवे केले.

"बाबा, गॅरेजातून क्लॅम्प आणते. ही दाबून धरल्याशिवाय वरचा नट खोलायचा नाही."

"क्लॅम्प कशाला? माझ्या नवारीवर लोक पिढ्यान्‌पिढ्या घोरतायत. ही वीतभर स्प्रिंग काय करणार?"

लेकीने पाना उचलला. बापाच्या गाठीला नाही कसे म्हणायचे? त्यांनी खाटेच्या त्या सुती पट्टीने मला करकचून बांधले आणि वरून हाताने दाबून धरले.

मित्रांनो, तुटले तरी मी पोलादच. दाबले की उसळायचे, एवढेच मला येते. नट सैल होऊ लागला तशी नवार कुरकुरली. मी मनोमन विनवत होते, हात काढा हो, हात काढा.

दारातून आई म्हणाली, "अगं, तोंड तरी बाजूला घे."

लेक बाजूला झाली आणि मी सुटले. भिंतीचा ढलपा उडाला.

घरधन्यांनी उजवा हात पाठीमागे नेला.

"लागलं का, बाबा?"

"छे. तू जा, आण तुझे क्लॅम्प."

आईने तो हात लहान मुलाचा ओढावा तसा पुढे ओढला. दोन बोटे निळी पडून सुजली होती. "याच बोटांवर घर चाललंय," एवढेच ती म्हणाली आणि तिने ती गार पाण्यात बुडवली.

लेकीने क्लॅम्प आणून नवी स्प्रिंग दाबून बसवली. मोटार सरळ उभी राहिली. तेव्हा मान खाली घालून त्यांनी विचारले, "गाठ कुठं चुकली गं?"

"गाठ सुटलीच नाही, बाबा. नवार फाटली."

"तरी गाठ मारायलाच नको होती."

मित्रांनो, दाबलेल्या पोलादापुढे आपले कसब मिरवू नका. त्याला जे अवजार लागते तेच लावा. ती बोटे आता बरी आहेत, पण विणताना मध्येच थबकतात. ते पाहिले की वाटते, पाठ फिरवावी. पण वेटोळ्याला पाठ कुठे असते?