खांबाला झालेला क्षय

लष्कर मोहल्ल्यातल्या विठ्ठलमंदिरात मुंगीला शिरायला जागा नव्हती. रोगहारी स्वामी ओला पिवळा रुमाल रोग्याच्या छातीवर ठेवत, वरून तळवा दाबत, की रुमाल लालभडक. रोग बाहेर आला, आता गोळ्या म्हणजे विष, असं स्वामी सांगत आणि लोक लोटांगण घालत. शिवणकाम करणाऱ्या कुसुमबाईंनी तर क्षयाच्या गोळ्या सरळ गटारात टाकल्या.

समाजकार्य शिकणारी सरस्वतीपुरमची वेदवती कॉलेजच्या कामासाठी त्यांच्या घरी येई. तिचा जीव कासावीस झाला. औषध अर्ध्यावर सोडलं की रोग उसळतो, मग त्याच गोळ्या लागू पडत नाहीत. तिनं समजावलं, चिडली, शेवटी देवाधर्मावरच घसरली. कुसुमबाईंनी तिला दार दाखवलं.

कॉलेजात वासुदेवराव सरांनी उलट तिलाच फैलावर घेतलं. ज्यांच्या घरी जातेस त्यांचा देव ठाऊक नाही आणि भांडायला निघालीस? हाही अभ्यासच आहे. माफी माग नि त्यांच्या पूजेला बस. डिग्री समाजकार्याची की कीर्तनाची, असं पुटपुटत वेदवती गेली; माफी मागितली तशी कुसुमबाईंनी तिला घरात घेतलं.

त्या दिवशी कुसुमबाईंकडे नात्यातली नवी नवरी यायची होती. खोकत खोकतच त्यांनी ताटात हळदीचं पाणी केलं, चिमूटभर चुना कालवला. पाणी लाल, ओवाळायची आरती तयार. वेदवती बघतच राहिली. घरोघरच्या बायका करतात तेच स्वामींनी केलं की चमत्कार? धन्य आहे बाई! पण नुसतं सांगून कोण ऐकणार होतं?

दुसऱ्या दिवशी ती मंदिरात रांगेत उभी राहिली. स्वामींनी रुमाल भिजवताच तिनं तो उचलला आणि सणासाठी नुकताच चुना दिलेल्या खांबावर दाबला. रुमाल लाल झाला.

"स्वामी, या खांबालाही क्षय झालाय का?"

हशा पिकला. गर्दीतल्या कुसुमबाईंनी पुढे होऊन स्वामींचा तळवा उलटा केला. चुन्यानं माखलेला. 'श्रद्धा नाही, श्रद्धा नाही' करत स्वामी मागच्या दारानं पसार झाले.

कुसुमबाई मटकन खाली बसल्या. "अय्यो, जन्मभर आरतीचं पाणी कालवलं, तरी मला कळलं नाही. आता माझा विठ्ठलही खोटा म्हणशील."

"विठ्ठलाचं मी काही बोलत नाही अक्का. गोळ्या टाका असं त्यानं सांगितलं होतं का?"

कुसुमबाई पदरानं डोळे पुसून उठल्या. "चल गं, आसपत्रीला, डॉक्टरांकडून गोळ्या आणायला. आजच."

देवाला हात जोडा हो, कोण नको म्हणतंय? पण देवाच्या नावानं अंगावर हात ठेवणाऱ्याला आधी साबणानं हात धुवायला सांगा.